खांद्यावरचे इंद्रधनुष्य

पहिले महायुद्ध संपायला अवघे चार दिवस उरले होते. ७ नोव्हेंबर १९१८च्या पहाटे उत्तर फ्रान्समधील सेदाँ शहराच्या दिशेने अमेरिकेच्या दोन डिव्हिजन एकमेकींच्या वाटेत येत पुढे सरकत होत्या. वरून आलेला हुकूम संदिग्ध होता आणि सेदाँ आधी कोण घेणार याची चुरस लागली होती. त्या गोंधळात पहिल्या डिव्हिजनच्या एका गस्ती तुकडीला अंधुक उजेडात एक अधिकारी नकाशा पाहत उभा असलेला दिसला. डोक्यावर शिरस्त्राण नाही, टोपीतील तार काढून टाकल्यामुळे ती कडांनी लोंबत असलेली, गळ्यात लांब मफलर, हातात छडी. अमेरिकी अधिकारी असा दिसत नाही, जर्मन दिसतो, असा निष्कर्ष काढून शिपायांनी पिस्तूल रोखले आणि त्याला धरले. तो अमेरिकेच्याच ४२व्या डिव्हिजनचा ब्रिगेडियर जनरल डग्लस मॅकआर्थर होता.

ओळख पटताच त्याला सोडण्यात आले आणि प्रकरण हसण्यावारी गेले. परंतु आपलाच सेनापती आपल्याच माणसांना ओळखता येऊ नये, ही गोष्ट हसण्यासारखी नव्हती. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकी सैन्यात या अडचणीवर उपाय निघाला होता. कोण कोणत्या डिव्हिजनचा हे दुरून कळावे म्हणून डाव्या खांद्याखाली बाहीवर कापडी बिल्ला शिवण्याची पद्धत १९१८च्या ऑक्टोबरात अधिकृत झाली. ८१व्या डिव्हिजनच्या शिपायांनी आपल्या बाहीवर रानमांजर शिवून त्याची सुरुवात केली होती. इतरांनी नाके मुरडली, पण मग प्रत्येकालाच आपले चिन्ह हवेसे झाले. मॅकआर्थरच्या डिव्हिजनने इंद्रधनुष्य घेतले.

या बिल्ल्यांचा अभ्यास करणारी मंडळी आजही जगभर आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी, ऑस्ट्रिया, जपान आणि दक्षिण कोरियात अमेरिकेने ज्या कब्जा फौजा ठेवल्या, त्यांची जुनी छायाचित्रे भिंगाखाली धरून खांद्यावरच्या चिन्हावरून ही कोणती तुकडी, ती कुठे होती, कधी होती हे ते शोधतात. त्या चिन्हांच्या जगातील सर्वांत मोठा सरदार मात्र स्वतः जवळजवळ काहीच न लावता हिंडणारा होता. त्याच्या आयुष्याकडे या बाजूने पाहिले, की एरवी न दिसणाऱ्या काही गोष्टी दिसू लागतात.

डग्लस मॅकआर्थर २६ जानेवारी १८८० रोजी आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथील लष्करी बराकीत जन्मला. वडील आर्थर मॅकआर्थर यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात कोवळ्या वयात पराक्रम गाजवून पुढे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले होते. १९००-०१ मध्ये ते फिलिपाइन्सचे लष्करी गव्हर्नर होते. आई मेरी ऊर्फ पिंकी हिने मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दाखल झाला तेव्हा जवळच्याच हॉटेलात मुक्काम ठोकला. १९०३ साली तो वर्गात पहिला येऊन बाहेर पडला. वडिलांची कीर्ती आणि आईची नजर या दोन गोष्टी त्याच्या पाठीवर कायम राहिल्या.

१९०५-०६ साली वडिलांचा साहाय्यक म्हणून त्याने आशियाचा लांबलचक दौरा केला. जपान, चीन, जावा, ब्रह्मदेश करीत बापलेक हिंदुस्थानात आले. कलकत्ता, कराची, क्वेट्टा आणि थेट खैबर खिंडीपर्यंत त्यांनी प्रवास केला. अमेरिकेचे भवितव्य आशियाशी जोडलेले आहे हा त्याचा हट्टी विश्वास या प्रवासात रुजला. पुढे युरोपकडे डोळे लावून बसलेल्या वॉशिंग्टनशी त्याचे जे भांडण आयुष्यभर चालले, त्याचे मूळ इथे सापडते.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा मॅकआर्थर युद्ध खात्यात मेजर होता. कोणत्या राज्याच्या नॅशनल गार्डला आधी युरोपात पाठवायचे, यावरून राज्याराज्यांत मानापमान सुरू होते. सव्वीस राज्ये आणि राजधानीचा प्रदेश यांच्या तुकड्या एकत्र करून एकच डिव्हिजन बनवावी अशी तोड निघाली. ही डिव्हिजन देशावर इंद्रधनुष्यासारखी पसरेल, अशी कल्पना मॅकआर्थरने मांडली आणि नाव चिकटले. तांबडा, पिवळा आणि निळा असे तीन पट्टे असलेली कमान बाहीवर आली. आधी ती पूर्ण अर्धवर्तुळाची होती, नंतर पाव वर्तुळाची झाली. डिव्हिजनची निम्मी माणसे मारली गेली वा जखमी झाली, म्हणून त्यांच्या स्मरणार्थ निम्मी कमान कापली, असे त्या डिव्हिजनचे जुने शिपाई सांगत. बिल्ल्यांच्या बाबतीत अशा कथा इतिहासाइतक्याच टिकाऊ असतात.

मॅकआर्थर प्रथम या डिव्हिजनचा चीफ ऑफ स्टाफ, मग ८४व्या ब्रिगेडचा प्रमुख झाला. मुख्यालयात बसणे त्याला जमले नाही. हल्ल्यांत तो पुढे असे, तोही शिरस्त्राणाविना आणि विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्याविना. दोनदा वायूचा त्रास झाला. शौर्याबद्दल त्याला सात सिल्व्हर स्टार मिळाले. पोशाखाचे नियम मोडल्याबद्दल वरिष्ठ कार्यालयात त्याच्याविषयी कुरबूर चालू असे. शिपायांना मात्र हा तऱ्हेवाईक अधिकारी आवडे. एकीकडे शिस्तीचा कळस आणि दुसरीकडे स्वतःपुरती नियमांतून सूट, हे कोडे त्याने पुढे कधीच सोडवले नाही.

युद्ध संपल्यावर इंद्रधनुष्य डिव्हिजन ऱ्हाइन नदीकडे चालत गेली. जर्मनीच्या त्या पट्ट्यावर ताबा ठेवण्यासाठी अमेरिकेने तिसरी आर्मी उभी केली होती. तिचा बिल्ला पाहण्यासारखा आहे : निळ्या कापडावर तांबडे वर्तुळ आणि त्यात पांढरे इंग्रजी ए अक्षर. वर्तुळ म्हणजे ओ. दोन्ही मिळून आर्मी ऑफ ऑक्युपेशन, अर्थात कब्जा फौज. दुसऱ्या महायुद्धात जनरल पॅटनची हीच तिसरी आर्मी तोच बिल्ला लावून फ्रान्समधून धावत निघाली आणि १९४५ साली बव्हेरियात पुन्हा एकदा खऱ्या अर्थाने कब्जा फौज झाली. सत्तावीस वर्षांपूर्वी शिवलेला बिल्ला आपल्या मूळ अर्थाकडे परतला.

मॅकआर्थरचे मुख्यालय ऱ्हाइनकाठच्या झिन्झिग गावी होते. १९१९च्या एप्रिलमध्ये डिव्हिजन मायदेशी परतली. पराभूत देशात विजेत्या सैन्याने कसे राहायचे, स्थानिक माणसांशी किती जवळीक ठेवायची, उपासमार दिसली तर काय करायचे, याचे पहिले धडे त्याने तिथे घेतले. जपानवर राज्य करणारा माणूस कोऱ्या पाटीने तिथे गेला नव्हता.

मधल्या वर्षांचा हिशेब झटपट सांगता येतो. तो वेस्ट पॉइंटचा प्रमुख झाला आणि तेथील जुनाट अभ्यासक्रम त्याने हलवला. १९२२ साली लग्न झाले, १९२९ साली घटस्फोट. १९३० साली तो लष्करप्रमुख झाला. दोन वर्षांनी जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्माला दोनशे वर्षे होत असल्याचे निमित्त साधून त्याने वॉशिंग्टनच्या काळातील जांभळ्या हृदयाचे चिन्ह पर्पल हार्ट या नावाने पुन्हा सुरू केले. रणांगणात जखमी झालेल्यांना मिळणारे हे पदक आज जगात ठाऊक आहे. त्याचा पहिला क्रमांक खुद्द मॅकआर्थरच्या नावे आहे.

त्याच १९३२ सालच्या २८ जुलैला मात्र त्याच्या कारकिर्दीला न पुसला जाणारा डाग लागला. मंदीने होरपळलेले हजारो माजी सैनिक कबूल केलेला बोनस लवकर मिळावा म्हणून राजधानीत येऊन झोपड्या बांधून राहिले होते. काहींच्या अंगावर जुने गणवेश होते. त्यांना हटवण्यासाठी सरकारने लष्कर बोलावले. लष्करप्रमुखाने स्वतः रस्त्यावर उतरू नये, असे त्याचा साहाय्यक मेजर आयसेनहॉवर याचे मत होते. मॅकआर्थरने ऐकले नाही. पदकांच्या फितींनी भरलेला पूर्ण गणवेश मागवून तो घातला आणि घोडदळ, रणगाडे व अश्रुधूर यांच्यासह निघाला. नदीपलीकडच्या अ‍ॅनाकोस्टिया येथील मुख्य वसाहतीत जाऊ नये, अशी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांची इच्छा असूनही तो पूल ओलांडून गेला. वसाहत जळाली. पहिल्या महायुद्धात बाहीवर बिल्ला शिवून लढलेली माणसे आणि त्या बिल्ल्यांपैकी एकाला नाव देणारा सेनापती त्या दिवशी समोरासमोर होते. छातीवरच्या इतक्या पदकांचे प्रदर्शन त्याने पुढच्या आयुष्यात क्वचितच केले. त्याचे कारण हा दिवस असेल असे म्हणायला आधार नाही, पण छायाचित्रे एकापाठोपाठ एक पाहताना हा फरक डोळ्यांत भरतो.

१९३५ साली तो फिलिपाइन्सच्या नव्या सैन्याची उभारणी करायला मनिलाला गेला. पुढच्या वर्षी त्या देशाने त्याला फील्ड मार्शल केले. सोनेरी नक्षीने मढलेली त्याची ती प्रसिद्ध टोपी या काळातील. खरे तर ती अमेरिकी गणवेशाचा भागच नव्हे. १९३७ अखेर तो अमेरिकी लष्करातून निवृत्त झाला. जपानशी युद्धाची चिन्हे दिसू लागताच जुलै १९४१ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. पुढची कथा सर्वपरिचित आहे. डिसेंबरात जपानी विमानांनी फिलिपाइन्समधील अमेरिकी विमाने जमिनीवरच नष्ट केली, सैन्य बटान द्वीपकल्पात मागे सरले, मॅकआर्थर कोरेहिडोरच्या भुयारात गेला. ११ मार्च १९४२ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानुसार तो छोट्या गस्ती बोटीतून निसटला आणि ऑस्ट्रेलियात पोहोचला. मागे राहिलेले हजारो अमेरिकी व फिलिपिनो सैनिक बटानच्या मृत्युयात्रेत चालले. त्याने परत येण्याची प्रतिज्ञा केली आणि २० ऑक्टोबर १९४४ रोजी लेटे बेटाच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यातून चालत ती पुरी केली. तरी मागे ठेवलेल्यांचा प्रश्न त्याला सोडून गेला नाही, आणि सोडूही नये.

डिसेंबर १९४४ मध्ये त्याला पंचतारांकित हुद्दा मिळाला. लेटेवर असे तारे कुठे मिळणार? तिथल्या एका स्थानिक सोनाराने अमेरिकी, ऑस्ट्रेलियन, डच आणि फिलिपिनो नाणी वितळवून पाच ताऱ्यांची वर्तुळे घडवली, असे सांगतात. गळपट्टीवरची ही दोन वर्तुळे हेच पुढे त्याचे एकमेव लेणे राहिले.

३० ऑगस्ट १९४५ रोजी तो तोक्योजवळच्या आत्सुगी विमानतळावर उतरला. अजून शरणागतीवर सह्या व्हायच्या होत्या. आसपास शस्त्रसज्ज जपानी सैन्य होते आणि अमेरिकेच्या ११व्या हवाई डिव्हिजनचे थोडेच सैनिक पोहोचले होते. निळ्या ढालीवर तांबड्या वर्तुळात पंख फुटलेला अकरा आकडा, हा त्यांचा बिल्ला. तोंडात मक्याच्या कणसाचा पाइप, डोळ्यांवर काळा चष्मा, साधा खाकी सदरा, टाय नाही, पदके नाहीत, कमरेला शस्त्र नाही, अशा वेशात मॅकआर्थर शिडी उतरला. २ सप्टेंबरला मिसुरी युद्धनौकेवर सह्या झाल्या, तेव्हा जपानी प्रतिनिधी उंच हॅट आणि लांब कोटात होते, दोस्तांचे अनेक सेनानी पूर्ण इतमामात. विजेत्यांचा प्रमुख उघड्या गळ्याच्या सदऱ्यात उभा होता.

२७ सप्टेंबरचे छायाचित्र तर त्याहून प्रसिद्ध आहे. सम्राट हिरोहितो अमेरिकी दूतावासात त्याला भेटायला आले. सम्राट समारंभी कोटात ताठ उभे, शेजारी हा उंच अमेरिकन हात मागे घेऊन सैल उभा, पुन्हा तोच सदरा. जपानच्या गृह खात्याने हे चित्र छापलेल्या वृत्तपत्रांची विक्री रोखण्याचा प्रयत्न केला. मॅकआर्थरच्या मुख्यालयाने तो हाणून पाडला. लक्षावधी जपानी लोकांना सत्ता कुणाकडे गेली हे त्या चित्राने एका क्षणात सांगितले. जो सर्वांना ठाऊक आहे त्याला बिल्ल्याची गरज नसते, हे मॅकआर्थरला पुरते कळले होते. त्याचा साधेपणा हा नम्रपणा नव्हता.

त्याच्या हाताखालच्या सैन्याचे तसे नव्हते. १९४५ अखेर जपानमध्ये साडेतीन लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते आणि त्यांची ओळख बाहीवर होती. क्योतोला मुख्यालय असलेली सहावी आर्मी सहा टोकांची चांदणी लावीत असे. योकोहामातील आठव्या आर्मीचे चिन्ह तांबड्या अष्टकोनावर आठ भागांची पांढरी आकृती. जानेवारी १९४६ मध्ये सहावी आर्मी बरखास्त झाली आणि सारा देश आठवीकडे आला. म्हणून क्योतोतील एखाद्या छायाचित्रात सहा टोकांची चांदणी दिसली, की ते पहिल्या काही महिन्यांतले हे जवळजवळ नक्की होते. घोड्याचे डोके आणि तिरका काळा पट्टा असलेली मोठी पिवळी ढाल म्हणजे पहिली कॅव्हलरी डिव्हिजन. तोक्योत प्रथम शिरलेली हीच. घोडदळातील एका कर्नलच्या पत्नीने ते चिन्ह तयार केले होते. निळ्या कापडावर स्वातंत्र्यदेवता म्हणजे न्यूयॉर्कची ७७वी, ती होक्काइदोला गेली. लाल चकतीवर काळे वाळूचे घड्याळ म्हणजे सातवी. नीट पाहिले तर ते घड्याळ एक सुलटा आणि एक उलटा अशा दोन इंग्रजी साताच्या आकड्यांचे आहे.

यातले एक चिन्ह मात्र पाहून मन थबकते. ऑक्टोबर १९४५ मध्ये कुरे आणि हिरोशिमा परिसरात जी ४१वी डिव्हिजन आली, तिच्या बाहीवर निळ्या समुद्रात बुडणारा सोनेरी सूर्य होता. चिन्ह पहिल्या महायुद्धाच्या काळातले, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सूर्यास्ताचे. उगवत्या सूर्याच्या देशात, अणुबाँबने भाजून निघालेल्या शहराजवळ, विजेत्यांच्या बाहीवर मावळता सूर्य! कुणी मुद्दाम जुळवले नव्हते. वर्ष सरण्याआधीच ती डिव्हिजन बरखास्त झाली.

मराठी वाचकाला गंमत वाटेल ती २४व्या आणि २५व्या डिव्हिजनच्या बिल्ल्यांची. दोन्हींवर चक्क अळूचे पान आहे. १९४१ साली हवाई बेटांवरील एका जुन्या डिव्हिजनच्या या दोन झाल्या आणि हवाईत अळू हे मुख्य अन्न. चोविसावीचे पान हिरवे, तांबड्या चकतीवर; पंचविसावीचे पान तांबडे आणि त्यावर सोनेरी वीज. कृष्णधवल छायाचित्रात हिरवे आणि तांबडे सारखेच करडे दिसतात, तेव्हा पारख विजेवर. पण वीज दिसली म्हणून लगेच ओसाका म्हणायचे नाही. जर्मनीत १९४६ पासून जी अमेरिकी कॉन्स्टॅब्युलरी गस्त घालीत असे, तिच्या पिवळ्या वर्तुळातील निळ्या सी अक्षरावरूनही तांबडी वीज गेलेली आहे.

जाणकार आणखी बारकाईने पाहतात. डाव्या खांद्यावर सध्याची तुकडी, उजव्या खांद्यावर ज्या तुकडीबरोबर युद्धात लढला ती. ही दुसरी परवानगी १९४५ सालची. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन खांद्यांवर त्याचे दोन काळ असतात. गळपट्टीवरच्या एकमेकींवर ठेवलेल्या बंदुका म्हणजे पायदळ, तलवारी म्हणजे घोडदळ, तोफा म्हणजे तोफखाना. बाहीच्या खालच्या टोकाला सोनेरी आडव्या पट्ट्या असतील तर युद्धकाळात परदेशी काढलेल्या दर सहा महिन्यांसाठी एक. छातीवर अर्धी काळी आणि अर्धी तांबडी फीत असेल तर ते १९४६ साली सुरू झालेले कब्जा फौजेचे पदक. त्याच्या एका बाजूला ऱ्हाइनवरचा रेमागेन पूल आणि दुसऱ्या बाजूला फुजी पर्वत आहे. शिवाय जपानी आणि जर्मन कारागीर शिपायांच्या फर्माइशीवर हाताने भरलेले बिल्ले करून देत. कालचा शत्रू आज विजेत्याचे चिन्ह रेशमात भरून देऊन पोट भरतो, हे कब्ज्याचे खरे चित्र. त्या बिल्ल्यांना आज संग्राहकांत मोठी मागणी आहे आणि बनावट मालही तितकाच.

या फौजेत आपलीही माणसे होती. ब्रिटिश कॉमनवेल्थ कब्जा फौजेत १९४६ साली हिंदुस्थानची २६८वी ब्रिगेड जपानला गेली. तिचे नेतृत्व ब्रिगेडियर के. एस. थिमय्या यांच्याकडे होते, जे पुढे स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले. पंजाबी आणि गुरखा पलटणींसोबत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण या ब्रिगेडमध्ये होती. इटलीत लढलेले कोकणातले आणि देशावरचे मराठे जपानच्या पश्चिम भागात पहारे देत होते आणि त्यांचा अंतिम वरिष्ठ होता मॅकआर्थर. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, १९४७ साली, ही ब्रिगेड परतली. महाराष्ट्रातील जुन्या लष्करी घराण्यांच्या ट्रंकांतून त्या दिवसांची छायाचित्रे निघाली, तर ती टाकून देण्याआधी बाह्यांकडे पाहावे.

मॅकआर्थर तोक्योतील दाइ-इची विमा कंपनीच्या इमारतीतून राज्य करीत असे. दूतावास ते कार्यालय एवढाच त्याचा रस्ता. जवळजवळ साडेपाच वर्षांत त्याने जपान फारसा हिंडून पाहिलाच नाही. तरी काम प्रचंड झाले. स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि एप्रिल १९४६च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या. कसणाऱ्या कुळांना जमीन मिळाली. त्याच्या मुख्यालयातच मसुदा झालेली राज्यघटना ३ मे १९४७ रोजी अमलात आली. लोकशाही शिकवणाऱ्या याच मुख्यालयाने वृत्तपत्रांवर कडक सेन्सॉरशिप मात्र ठेवली. ती होती हेही छापायला मनाई होती. मांचुरियात माणसांवर जंतुप्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या पथकातील डॉक्टरांना माहितीच्या बदल्यात अभय मिळाले. सम्राटावर खटला झाला नाही. तोक्यो खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष मानणारे न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचे भिन्नमत आपल्याकडे आठवले जाते. या तडजोडींची आठवणही सोबत ठेवली पाहिजे.

आणि एक गोष्ट बिल्ल्यावरून कळत नाही. सोनेरी विजेची तीच २५वी डिव्हिजन. तिची २४वी रेजिमेंट कृष्णवर्णीय सैनिकांची होती. बाहीवर तेच अळूचे पान, पण छावणी वेगळी, गिफू येथे. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जुलै १९४८ मध्ये सैन्यातील भेदभाव संपवण्याचा आदेश काढला, तरी मॅकआर्थरच्या सैन्यात त्याच्या कारकिर्दीत तो पुरता उतरला नाही. ते काम त्याच्यानंतर आलेल्या रिजवेने केले आणि १९५१च्या ऑक्टोबरात ती वेगळी रेजिमेंट विसर्जित झाली. सव्वीस राज्यांचे इंद्रधनुष्य जुळवणाऱ्या माणसाला हा रंग जुळवण्याची घाई नव्हती, असेच म्हणावे लागते.

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला. जपानमध्ये तेव्हा चार डिव्हिजन उरल्या होत्या : घोड्याचे डोके, वाळूचे घड्याळ आणि दोन अळूची पाने. माणसे अपुरी, शस्त्रे जुनी, सराव कमी. कब्जा फौज आणि लढाऊ फौज यांतला फरक ५ जुलैला ओसानजवळ कळला. चोविसावीच्या सुमारे ५४० जणांच्या तुकडीवर रणगाडे चालून आले आणि तिच्याजवळचा दारूगोळा त्यांच्यापुढे निकामी ठरला. थोड्याच दिवसांत डिव्हिजनचा सेनापती जनरल डीन लढाईत बेपत्ता झाला आणि पुढे तीन वर्षे युद्धकैदी राहिला. शांततेच्या वर्षांत सैन्याला या अवस्थेत येऊ देणाऱ्यांत वॉशिंग्टनचे काटकसर करणारे पुढारी होते, तसा सर्वोच्च सेनापतीही होता.

१५ सप्टेंबरला इंचॉनच्या धाडसी उतरणीने त्याने डाव उलटवला. ती त्याची सर्वांत चमकदार चाल. त्या विजयाने त्याचा स्वतःवरचा विश्वास मर्यादेपलीकडे गेला. अमेरिकी सैन्य अडतिसावे अक्षांश ओलांडून आले तर चीन गप्प बसणार नाही, हा इशारा ऑक्टोबरच्या आरंभी पेकिंगमधील भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांच्यामार्फत पोहोचवण्यात आला होता. वॉशिंग्टनने तो मनावर घेतला नाही, मॅकआर्थरनेही नाही. नोव्हेंबरअखेर चिनी सैन्य तुटून पडले. चोसिन जलाशयाच्या पूर्वेला वाळूच्या घड्याळाचा बिल्ला लावणारे शेकडो सैनिक बर्फात गाडले गेले. मग युद्ध चीनपर्यंत न्यावे की नाही यावरून राष्ट्राध्यक्षांशी उघड संघर्ष झाला आणि ११ एप्रिल १९५१ रोजी ट्रुमन यांनी त्याला पदावरून दूर केले. नागरी सत्ता मोठी की सेनापती, हा प्रश्न होता. ट्रुमन यांचे उत्तर बरोबर होते.

१६ एप्रिलच्या सकाळी त्याला निरोप द्यायला तोक्योच्या रस्त्यांवर प्रचंड गर्दी लोटली. अमेरिकेतही स्वागत डोळे दिपवणारे झाले. काँग्रेससमोरील त्याचे भाषण गाजले, राष्ट्राध्यक्षपदाची चर्चा झाली आणि विरली. त्या पदावर १९५३ साली बसला तो त्याचा जुना साहाय्यक आयसेनहॉवर. न्यूयॉर्कच्या हॉटेलातील सदनिकेत मॅकआर्थरने उरलेली वर्षे काढली.

५ एप्रिल १९६४ रोजी वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात तो वारला. आईचे माहेर असलेल्या नॉरफोक शहरात, जुन्या नगरभवनाच्या घुमटाखाली त्याचे दफन झाले. अंगावर धुऊन धुऊन विटलेला खाकी गणवेश होता. पदके नव्हती, फिती नव्हत्या. गळपट्टीवर फक्त देशाची अक्षरे आणि पाच ताऱ्यांचे वर्तुळ. टोपी, पाइप आणि काळा चष्मा आज तिथल्याच संग्रहालयात काचेमागे ठेवलेले आहेत.